नेमके कुठे अडते?

निलंगा हे नाव वाचायला पहिलीतल्या मुलाला किती गोष्टी याव्या लागतात? न, ल आणि ग ही अक्षरे ओळखू यायला हवीत. नच्या आधी काढलेली वेलांटी उच्चारात नच्या नंतर येते, हे उमगायला हवे. लवरच्या टिंबाचा आवाज पुढच्या गमुळे ठरतो. तेच टिंब अंबुलगा म्हणताना ओठ मिटवायला लावते आणि पानचिंचोली म्हणताना जीभ टाळूकडे नेते. एवढे झाल्यावर हे सुटे तुकडे जुळवून, आपण रोज तोंडाने म्हणतो तोच हा शब्द, अशी ओळख पटायला हवी. ज्याला वाचता येते तो एसटीची पाटी दुरूनच वाचतो. आपण एवढी कामे एका क्षणात केली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच न वाचणाऱ्या मुलाचे कुठे अडले, हे शोधणे मोठ्या माणसांना जड जाते.

तिसरी-चौथीतले मूल वाचत नाही तेव्हा शाळेत आणि घरी एकच वाक्य ऐकू येते : त्याला वाचता येत नाही. या वाक्याने काहीच कळत नाही, कारण त्याच्या आड अगदी वेगवेगळी मुले उभी असतात आणि प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी असते. या प्रकरणाचा विषय तीच मदत आहे : साऱ्या वर्गाला एकच औषध न देता, एकेका मुलाचे कुठे अडते ते पाहून तिथेच वेळ देणे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन 'असर' ही पाहणी केली जाते. २०२४ च्या पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले होती ४८.८ टक्के, सरकारी शाळांत ४४.८ टक्के. २०२२ मध्ये, कोविडमुळे बंद पडलेल्या शाळा उघडल्यानंतर, सर्व मुलांचा आकडा ४२.८ होता. म्हणजे घसरण बरीचशी भरून निघाली. पण भरून निघाल्यावरही पाचवीतली निम्मी मुले आपल्याच इयत्तेचे पुस्तक वाचू शकत नाहीत. गणितात मागे पडलेल्या कितीतरी मुलांना खरे तर उदाहरण वाचताच येत नसते.

निलंगा तालुक्यात या प्रश्नाला दोन बाजू आणखी जोडल्या जातात. पहिली भाषेची. निजामाच्या हैदराबाद संस्थानात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये. सीमा कागदावर सरकली, पण बोलणे तिथेच राहिले. औराद शहाजानी, कासार सिरसी या भागात मराठीच्या शेजारी कन्नड आहे, दखनी आहे, तांड्यावर लमाणी आहे. संस्थानात वरचे शिक्षण उर्दूतून होते, त्यामुळे आजच्या मुलांच्या पणजोबांपैकी जे थोडे शिकले त्यांच्यातही मराठी छापील मजकूर घरात ठेवणारे कमीच. अशा घरातले मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्या कानावर फारशी पडलेली नसते.

दुसरी बाजू शाळेच्या आकाराची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. लहान गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत म्हणूनच एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. एका फळ्यावर पहिलीची अक्षरे आणि दुसऱ्यावर तिसरीचा धडा. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी येते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मूल घरी राहते. दिवाळीच्या सुमारास ज्यांचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांची शाळा महिनोन्महिने तुटते. नेमक्या त्याच काळात पहिलीत अक्षरे आणि मात्रा शिकवून होत असतात. परत आलेल्या मुलासाठी मागे जायला कुणाला सवड नसते आणि तिथे पडलेली फट चौथीत दिसते.

फट पडायला कारण आपल्या लिपीतही आहे. बाराखडीची बारा रूपे आणि चौतीस व्यंजने धरली तरी चारशेहून अधिक आकार होतात. जोडाक्षरे वेगळीच. एका रचीच रूपे पाहा : सूर्यातला डोक्यावर चढतो, चक्रातला पोटात शिरतो, ट्रकमधला पायाशी बसतो आणि पुऱ्यांमधला चंद्रकोरीसारखा होतो. सोनाली नाग यांनी शेजारच्या कन्नडमध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की अशी अक्षरसंपदा पक्की व्हायला पहिलीचे एक वर्ष पुरत नाही. हे शिकणे तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. मराठीची घडण तशीच आहे. आपण मात्र पहिलीत अक्षरे संपली असे धरतो आणि दुसरीपासून धड्यांकडे वळतो.

आता निदानाकडे येऊ, कारण सगळे त्यावर उभे आहे. 'असर'चे साधन साधे आहे : एका कागदावर अक्षरे, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट. मुलाला एकट्याला जवळ बसवून आधी परिच्छेद देतात. वाचला तर गोष्ट, नाही तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. पाचपैकी चार बरोबर आली की ती पायरी त्याची. सगळे मिळून पाच-सात मिनिटांचे काम. आपल्या शिक्षकांना हे नवे नाही. 'स्तर निश्चिती' हा शब्द केंद्राच्या शिक्षण परिषदेत नेहमी ऐकू येतो. पण स्तर कळला म्हणजे निम्मेच कळले. शब्द स्तरावरची दोन मुले एकाच कारणाने तिथे अडलेली असतीलच असे नाही. त्यासाठी मूल चुकते कसे, ते कान देऊन ऐकावे लागते.

एखादे मूल म आणि भ, घ आणि ध, ब आणि व यांत घोटाळते. त्याला सगळी मुळाक्षरे पुन्हा गिरवायला लावून उपयोग नाही. घोटाळ्याच्या दोनच अक्षरांची जोडी समोर ठेवून फरक कुठे आहे हे बोटाने दाखवायला लावले, वाळूत काढून घेतले, की ते सुटते. दुसऱ्याला अक्षरे सगळी येतात, पण पोळीचे पाळी होते आणि मोरचे मर. त्याचे मात्रांत अडले आहे. तिसरे मूल सर्वांत जास्त गैरसमजाचे धनी होते. कमळ हा शब्द ते क, म, ळ असा अगदी बरोबर म्हणते. मग शिक्षक विचारतात, काय झाले? ते गप्प. शिक्षक म्हणतात, अरे, सगळी अक्षरे येतात की तुला, लक्ष देत नाहीस!

त्या गप्प मुलाची अडचण खरी आहे. प्रत्येक अक्षर सुटे म्हणताना आपण त्याला पूर्ण 'अ' लावतो. तीन पूर्ण 'अ' एकापुढे एक म्हटले तर कमळ होत नाही. बोलताना शेवटच्या ळमधला 'अ' आपण गिळतो. करवतमध्ये मधल्या रचाही गिळतो. हा नियम कोणत्याच इयत्तेत शिकवला जात नाही. बहुतेक मुले ऐकून-वाचून तो आपोआप उचलतात, काही उचलत नाहीत. अशा मुलाला कागद बाजूला ठेवून आधी तोंडी खेळ हवेत : मी तुटक बोलतो, तू शब्द ओळख. घ–र. पा–टी. क–र–वत. मग शब्द लांबवून म्हणायचे, मध्ये थांबायचे नाही. पंधरा दिवस रोज हे झाले की पुष्कळ मुलांना एकदम जोडणी सापडते. याउलट त्याच मुलाला बाराखडी आणखी शंभर वेळा लिहायला लावली तर सुटे तुकडे अधिक पक्के होतात आणि शब्द अधिक दूर जातो.

चौथे मूल बरोबर वाचते, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्याला नवे धडे नकोत. तोच छोटा मजकूर तीन-चारदा वाचायचा, कधी शिक्षकांच्या आवाजात आवाज मिसळून, कधी मैत्रिणीबरोबर आळीपाळीने. आणि पाचवे मूल घडाघडा वाचते, पण काय वाचले ते सांगू शकत नाही. पाहणीत ते पास होते म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ज्याच्या घरी कन्नड किंवा लमाणी बोलतात त्याच्या बाबतीत हे फार घडते. त्याला वाचनाआधी बोलणे हवे. धड्यातली विहीर, मळणी, जत्रा यांवर त्याच्या भाषेत आणि मराठीत गप्पा, चित्र, प्रश्न, आणि मग पुस्तक.

इथे बोलीची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पुस्तकात 'पाऊस येत आहे' असे छापलेले असते आणि निलंग्याकडचे मूल वाचते, 'पाऊस यायलाय'. शिक्षक तिथेच थांबवून चूक दुरुस्त करतात. माझ्या मते ही आपण करत असलेल्या चुकांपैकी सर्वांत महागडी चूक आहे. त्या मुलाने अक्षरे पाहिली, अर्थ लावला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. अर्थापर्यंत पोचल्याशिवाय हे होऊच शकत नाही. पाऊस या शब्दाला पाटी म्हणणारे मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधते. त्याला थांबवायलाच हवे. पण यायलाय म्हणणाऱ्याला आधी शाबासकी द्यावी, गोष्ट पुरी करू द्यावी आणि नंतर छापील शब्द दाखवावेत. मूल आपल्या घरच्या बोलण्यापायी वर्गात हसण्याचा विषय झाले, तर पुढच्या वेळी ते तोंडच उघडणार नाही. मग निदान करायलाही काही उरत नाही.

वाचायला काय द्यायचे, यावर महाराष्ट्रात चांगले काम झालेले आहे. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणला आल्या, मराठीच्या झाल्या, आणि त्यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. शाळेत न टिकणाऱ्या मुलांना वाचायला शिकवताना त्यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवला. वर्णमाला ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सुरेख आहे, पण वाचनाच्या पहिल्या महिन्यात ङ आणि ञ घेऊन मूल काय करणार? थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा एकदम दिली की लगेच शब्द होतात. क, म, न, ल, र आणि काना एवढ्यावर काम, कान, नाक, मका, रान, लाल, कमान, मामा, काका असे किती तरी शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला कळते की या खुणा काही तरी सांगतात. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळच्या सोनाळे इथून 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी मुलांबरोबर अशाच अर्थपूर्ण वाचनाचे काम करत आली आहे.

निलंग्याच्या शिक्षकाला ही सामग्री बाहेरून आणायची गरज नाही, ती तालुक्याच्या नकाशावर आहे. हलगरा या नावात शेवटचा काना सोडला तर मात्राच नाही. मदनसुरीत उकार आणि वेलांटी येते. औरादला औ. अंबुलग्यात अनुस्वार आणि उकार. कासार सिरसीत दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात. आणि गावातल्या देवळाचे नाव, नीलकंठेश्वर, यात दीर्घ वेलांटी, अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षर असे सगळे एकत्र सापडते. मुलाला हे शब्द तोंडाने आधीच येतात, म्हणून तुकडे जुळताच ओळख पटते. हॉटेलवर 'निलंगा राइस' लिहिलेले असते, बियाण्याच्या पिशवीवर सोयाबीन. मुलाने सांगितलेली दोन वाक्ये शिक्षकांनी मोठ्या अक्षरात लिहून दिली, तर तेही त्याचे पुस्तकच.

प्रश्न उरतो वेळेचा. दोन शिक्षकी शाळेत एकेका मुलासाठी वेळ कुठून आणायचा? याचे उत्तर भारतातच तपासून पाहिले गेले आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम'ने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. त्या वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुणी होत्या. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या वीसेक मुलांना त्या रोज दोन तास वेगळे घेऊन बसत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याची शास्त्रशुद्ध तपासणी केली. मुले पुढे गेली, सर्वांत मागची सर्वांत जास्त. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या कामात हाही धागा होता.

त्याच तपासणीने एक कडू गोष्टही सांगितली : मदत थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात सहा वर्षांच्या मुलांसाठी रोज अर्धा तास, एका मुलाला एक शिक्षक, बारा ते वीस आठवडे अशी पद्धत घडवली. ती जगभर पसरली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मात्र अशी मदत घेतलेली मुले तिसरी-चौथीत आपल्यासारख्याच इतर मुलांच्या मागे दिसली. कारणांवर वाद आहेत. आपल्यापुरता बोध असा की एक जोरदार मोहीम करून मुलाला 'झाला वाचता' म्हणून सोडून देता येत नाही. मोहिमा आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत. २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०२१ पासूनचे निपुण. त्यांनी वाचनाचा विषय शाळेच्या मध्यभागी आणला, हे मोठेच काम. पण मूल आज पायरी चढले तरी पुढचे वर्षभर आठवड्यातून एकदा तरी त्याचे वाचन ऐकणारे कुणी हवे.

आणखी एक धडा हरियाणाचा आहे. काही राज्यांत शिक्षकांना प्रशिक्षण दिले, साहित्य दिले. तरी ते शाळेत जाऊन पुन्हा पाठ्यपुस्तक पुरे करू लागले. हरियाणात रोजचा एक तास वेळापत्रकातच राखून ठेवला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता सोडून पायरीप्रमाणे बसवली आणि पर्यवेक्षकांनी तोच तास पाहिला. तिथे मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे शिक्षकाची इच्छा आणि कौशल्य यांच्या इतकाच महत्त्वाचा आहे तो राखीव तास, ज्यात अहवाल मागायला फोन येणार नाही.

हिशेब करून पाहा. चाळीस मुलांच्या शाळेत दहा मुले वाचनात अडलेली आहेत असे धरू. रोजच्या त्या तासात बाकीची मुले जोड्यांनी वाचत असताना शिक्षकाने दोन मुलांना पाच-पाच मिनिटे जवळ घेतले, तर शनिवार सोडूनही आठवड्यात दहाही मुलांचे स्वतंत्र ऐकून होते. एका मुलाला वहीचे एक पान : तारीख, काय वाचले, कुठे अडले. दुसरे काही लिहायची गरज नाही. गट दर पंधरवड्याला बदलावेत. गट कायमचे झाले की खालचा गट 'ढ' मुलांचा होतो आणि त्या शिक्क्याची झळ वाचन आल्यावरही जात नाही. घरी आई शिकलेली नसली तरी चालते. तिने रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावावे आणि मग विचारावे, काय झाले रे गोष्टीत? मूल सांगू लागले की अर्थ लागतो आहे हे तिला कळते.

एवढे करूनही काही महिन्यांत हालचाल दिसली नाही तर? आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा या मुलांची नावे शिक्षकांनी स्वतः पुढे करावीत. फळा न दिसणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षानुवर्षे मागे बसलेले असू शकते. त्यानंतर अध्ययन अक्षमतेचा विचार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकते. चाचणी मुलाच्या भाषेतूनच व्हायला हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. सीमेवरच्या मुलांसाठी हे महत्त्वाचे, कारण भाषा नवी असणे म्हणजे अक्षमता नव्हे. प्रमाणपत्राने परीक्षेत सवलत मिळते. वाचन मात्र रोजच्या सावकाश, जवळ बसून दिलेल्या शिकवणीनेच येते.

आणि आता लातूरबद्दल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून लातूरच्या महाविद्यालयांनी जी पद्धत घडवली तिला सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणतो. त्यावर घोकंपट्टीची टीका झाली, काही अंशी ती रास्तही आहे. पण तिचा गाभा पाहा : वारंवार छोट्या चाचण्या, प्रत्येक उत्तरपत्रिकेतली चूक दाखवून देणे, शंका असेल त्याला जादा वेळ, आणि पुन्हा चाचणी. नेमके कुठे अडते ते शोधून तिथेच वेळ देणे याहून वेगळे त्यात काय आहे? हे कौशल्य आपण बारावीच्या, वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीतल्या मुलांवर ओतले. त्याच जिल्ह्यातले तिसरीतले मूल कमळ जुळवू न शकल्याने गप्प बसते, तेव्हा त्याच्यासाठीही तेच कौशल्य वापरावे, असे मला मनापासून वाटते. तिथे ते जास्त स्वस्त पडते आणि जास्त काळ पुरते.

कायदाही तेच सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे हे स्पष्ट लिहिले आहे. मात्र हे कर्तव्य एकट्या शिक्षकावर टाकून गाव मोकळे होऊ शकत नाही. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयात जाणारी ताई किंवा दादा, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ज्यांना आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास देता येईल त्यांनी आपल्या गावच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि एकच मूल मागून घ्यावे. वर्षभर तेच मूल. त्याला जवळ बसवा, परिच्छेद द्या, मधे बोलू नका, आणि ते कुठे अडते ते ऐका.